एका खोलीत दोन घड्याळं

पहाटेचे चार वाजले की नगरच्या सावेडीत, लालटाकीच्या मागे, बालिकाश्रम रस्त्यावर भाड्याच्या खोल्यांमधून मोबाइलचे गजर वाजू लागतात. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा उठतो, अंधारातच बूट चाचपतो, बादली सरकवतो, दाराची कडी काढतो आणि पळायला निघतो. भरतीत १६०० मीटर धावणं आहे, १०० मीटर आहे, गोळाफेक आहे. ऊन चढायच्या आत सराव उरकला नाही तर दिवस वाया जातो. त्याच खोलीत, दोन हातांवरच्या पलंगावर, दुसरा मुलगा तासाभरापूर्वी झोपलेला असतो. त्याचा अभियांत्रिकीचा पेपर जवळ आलाय आणि घरमालकाचा टीव्ही, रस्त्यावरची वर्दळ, खोलीतल्या गप्पा सगळं थांबल्यावरच त्याचं डोकं चालायला लागतं. रात्री बल्बच्या उजेडानं पहिल्याची झोप मोडली, पहाटे कडीच्या आवाजानं दुसऱ्याची. दोघं कष्टाळू, दोघांच्या घरून मोजून मापून पैसे येतात, आणि महिनाभरात दोघं एकमेकांशी बोलेनासे होतात.

हे प्रकरण मोठ्यांच्या कानावर गेलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘जरा जुळवून घे.’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्यात दोष मुलांच्या स्वभावावर जातो. प्रत्यक्षात भांडण बहुतेक वेळा तासांचं असतं, चौरस फुटांचं असतं, आणि आपल्या खोलीत काय चालावं हे ठरवायचा अधिकार कुणाला आहे, याचं असतं. शिकायला घर सोडलेल्या मुलामुलींची झोप हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे, म्हणून हा विषय मला दिवाळी अंकात मांडण्याइतका मोठा वाटतो.

आधी ही मुलं खोली का करतात ते पाहू. आताचा अहिल्यानगर, मुलांच्या तोंडी अजूनही नगर, हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, १४ तालुक्यांचा. जामखेडच्या पोरानं रोज एस.टी.नं नगरला यायचं म्हटलं तर दिवसाचे चार तास गाडीत जातात. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या मुलीला तर तो विचारही करता येत नाही. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, पारनेर ही पावसानं वारंवार दगा दिलेली गावं; तिथून मुलगा शिकायला बाहेर निघतो तेव्हा घरानं एखादी शेळी, एखादं वासरू विकलेलं असतं. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर चौघांत एक खोली, मेसचा डबा किंवा गावाहून एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली केलेला घरचा डबा. माळीवाडा आणि तारकपूर स्थानकांवर हे डबे घ्यायला उभी राहिलेली मुलं नगरकरांनी वर्षानुवर्षं पाहिलेली आहेत.

आता खोलीतला जोडीदार कसा निवडला जातो? बहुतेकदा तो निवडलाच जात नाही. गावातलाच कुणी आधीपासून राहत असतो, किंवा आत्याचा मुलगा, मामाच्या साडूचा मुलगा. ‘तुझा भाऊच आहे तो, सांभाळून घेईल,’ असं आई म्हणते आणि गादी उचलून त्याच्या खोलीत नेली जाते. अनोळखी माणसाशी पटवून घेणं अवघड, असा आपला समज असतो. नात्यातल्याशी पटवून घेणं त्याहून अवघड असतं, कारण तिथे तक्रारीला वाटच नसते. भावकीतल्या मुलाला ‘रात्री अकरानंतर व्हिडिओचा आवाज बंद कर’ म्हटलं की ते वाक्य दुसऱ्या दिवशी गावात पोचतं, आणि तिथे त्याचा अर्थ बांधाच्या भांडणाशी जोडला जातो. म्हणून मूल गप्प बसतं. ते गप्प बसणं डोक्यात साठत जातं आणि एक दिवस साबणाच्या वडीवरून, गॅस भरायच्या पाळीवरून, न धुतलेल्या कढईवरून फुटतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, साबणावरून भांडली पोरं!

राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या किंवा लोणीला प्रवरेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहांत चित्र थोडं निराळं. तिथे परराज्यांतली मुलंही येतात. राहुरीत ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय प्रवेशातून येतात. संगमनेरच्या मुलाच्या शेजारी बिहारचा किंवा केरळचा मुलगा. भाषा वेगळी, जेवणातलं तेल वेगळं, घरी फोन करायची वेळ वेगळी. सुरुवातीचे दोन महिने जड जातात. पण अशा जोड्यांत एक सोय असते: दोघांनाही गृहीत धरता येत नाही, म्हणून विचारावं लागतं. पंखा किती ठेवू, दिवा कधी मालवू, पाहुणा आला तर चालेल का. विचारायची सवय लागली की अर्धी भांडणं उगवतच नाहीत. शिवाय तिथे रेक्टर असतो, तक्रारवही असते, खोली बदलायचा अर्ज असतो. भाड्याच्या खोलीतल्या मुलाला यातलं काहीच नाही.

वेगळ्या घरांतली मुलं एका छपराखाली ठेवायची कशी, हा प्रश्न महाराष्ट्रानं शंभर वर्षांपूर्वी फार गांभीर्यानं हाताळला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली, ती जातीजातींची: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळात मुलं शिकायला यावीत म्हणून ते गरजेचंच होतं. कर्मवीर भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. वसतिगृहातून बाहेर काढलेल्या त्या विद्यार्थ्यानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात असं बोर्डिंग सुरू केलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि एका खोलीत झोपत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. रयतेचा वटवृक्ष पुढे आपल्या जिल्ह्यातही श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत असा पसरला.

साताऱ्यातलं ते एकत्र राहणं नुसत्या उपदेशावर टिकलं नव्हतं. मुलं स्वयंपाकाला हात लावत, पाणी भरत, झाडलोट करत, शेतात राबत. कामं वाटलेली असली की माणसाला माणसाची गरज पडते, आणि ज्याची गरज पडते त्याचं घोरणंही सोसवतं. आजच्या वसतिगृहांत मेस ठेकेदाराची, सफाई ठेकेदाराची. मुलं फक्त एकमेकांच्या शेजारी झोपतात. सोय झाली हे चांगलंच, पण एकमेकांची ओळख व्हायची जागा गेली. जिथे मुलं अजून हातानं स्वयंपाक करतात, भाजी कोण आणणार आणि पीठ कोण मळणार हे ठरवून घेतात, त्या खोल्या जास्त काळ टिकताना दिसतात.

एकत्र कोंडलेल्या माणसांची जिल्ह्यातली सर्वांत नामांकित गोष्ट भुईकोट किल्ल्यातली आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण इथे आणले गेले आणि त्यांतले बहुतेक अडीच वर्षांहून अधिक काळ राहिले: मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. वयं, प्रांत, भाषा, धर्म, पथ्यं सगळी वेगळी. नेहरूंनी इथे १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि प्रस्तावनेत या अकरा सोबत्यांचं ऋण मोकळेपणानं मानलं. मौलानांचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होई. ते स्वतः चहा करत आणि लिहायला बसत. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली. काड्या पडत, कलकलाट चाले. आधी त्यांनी बांबू घेऊन चिमण्यांना हाकललं, त्या परत आल्या. पुन्हा हाकललं, पुन्हा आल्या. शेवटी हार मानून तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली आणि चिमण्या अगदी जवळ येऊन टिपू लागल्या. ही सगळी हकीकत ‘गुबार-ए-खातिर’मध्ये त्यांनी विस्तारानं, फार प्रेमानं लिहिली आहे. लिहिणाऱ्या माणसाला आवाजाचा किती त्रास होतो आणि त्यातून तो कसा वाट काढतो, याचं इतकं सुंदर वर्णन नगरच्या भूमीवर झालंय, हे नगरच्या विद्यार्थ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

अर्थात चिमण्यांना दाणे टाकता येतात. उसाच्या ट्रॅक्टरला काय टाकणार?

दिवाळी उलटली की कारखान्यांची धुराडी पेटतात. प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, राहुरीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावतात आणि त्यांतल्या अनेकांवर कर्णे बसवलेले असतात. चालकाला झोप येऊ नये म्हणून गाणी लावावी लागतात, हे मला समजतं. तोही बिचारा रात्रभर जागा असतो. पण रस्त्याकडेच्या खोलीत दर दहा मिनिटांनी भिंत थरथरते. त्यात विद्यापीठाच्या सत्र परीक्षा नेमक्या दोन हंगामांत येतात: एक दिवाळीच्या आसपास आणि एक एप्रिल-मेमध्ये. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतात, उन्हाळ्यात तर मंगल कार्यालयं एक दिवस मोकळी नसतात. डीजेच्या ठोक्यांनी खिडकीच्या काचा वाजत असतात आणि आत मूल कानात बोळे घालून पाठांतर करत असतं.

कायद्यात याची तजवीज आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. आकड्यांचा अर्थ मुलांना सांगितला पाहिजे: डेसिबल दहानं वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ४५ ची मर्यादा असताना खिडकीशी ८५ असेल तर ऊर्जा दहा हजारपट होते. ११२ वर फोन करून तक्रार करता येते. तरीही खोलीतली मुलं फोन करत नाहीत, कारण वरात बहुधा घरमालकाच्या ओळखीतली असते आणि खोली त्याची असते.

बाहेरच्या आवाजानं अभ्यास बिघडतो की मुलं नुसती सबब सांगतात? या प्रश्नाचं एक जुनं आणि नेमकं उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळालं. तिथल्या एका शाळेच्या एका बाजूनं उंचावरची रेल्वे जात होती. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली रुळांकडच्या वर्गांतल्या आणि पलीकडच्या शांत वर्गांतल्या मुलांचं वाचन तपासलं. सहावीपर्यंत गोंगाटाकडची मुलं जवळपास एक वर्ष मागे पडलेली होती. पुढे रुळांवर रबरी गाद्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं अस्तर लावलं, आणि नंतरच्या तपासणीत तो फरक नाहीसा झाला. शाळा तीच, फक्त आवाज कमी झाला.

दुसरा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात तो मांडला. काही जणांना कर्कश, केव्हाही होणाऱ्या आवाजात काम करायला बसवलं. त्यातल्या काहींच्या हाताशी एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. पण नंतर दिलेल्या कामात बटण असलेली माणसं जास्त चिकाटीनं टिकली, त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आवाज आपल्याला थांबवता येईल, एवढी जाणीवच त्यांना पुरली.

नगरच्या खोलीतल्या मुलाकडे हे बटण नाही. ‘जुळवून घे’ म्हणणारा ते देत नाही. ‘रात्री अकरानंतर बाहेरच्या ओट्यावर बोल’ असं म्हणता येणं आणि ऐकलं जाणं, हेच ते बटण. ज्या खोलीत हे म्हणता येतं, तिथे पार्टनरचं घोरणंही तितकं छळत नाही.

न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मुलं स्वतःही त्रासदायक शेजारी असतात. रात्री बाराला वाढदिवस, केक, सायलेन्सर काढलेल्या गाड्या, गच्चीवर गाणी. खालच्या मजल्यावर तान्हं मूल असतं, रक्तदाबाची गोळी घेऊन झोपलेली आजी असते. ‘खोली फक्त फॅमिलीसाठी’ अशा पाट्या सावेडीत, प्रोफेसर कॉलनीत लागल्या त्या काही हवेतून आल्या नाहीत. आणि एकदा ती पाटी लागली की तिचा फटका शांत मुलांना बसतो, त्यातही आडनाव विचारून खोली नाकारली जाणाऱ्यांना दुप्पट बसतो.

मुलींचा प्रश्न सगळ्यांत बिकट आहे आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. खोलीत असह्य झालं तर मुलगा पुस्तक उचलतो आणि रात्रभर उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेत जाऊन बसतो. मुलीच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळीच बंद होतं. पार्टनर रात्री दोनपर्यंत फोनवर बोलत असली तरी हिला पलंगावरून हलायला जागा नाही. जिन्याच्या पायरीवर, नाहीतर न्हाणीघराच्या बाहेरच्या दिव्याखाली बसून वाचायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ च्या ‘सक्षम’ अहवालानं स्पष्ट म्हटलं होतं की सुरक्षेच्या नावाखाली विद्यार्थिनींवर जादा निर्बंध घालू नयेत. २०२४ पासून राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं. फार चांगलं केलं. त्यामुळे आणखी मुली घराबाहेर पडतील, पडायलाच हव्यात. पण शुल्क माफ झालं तरी खोलीचं भाडं राहतंच, आणि रात्री शांतपणे वाचायची जागा कुठल्याच शासन निर्णयात नाही.

पैशाच्या मदती आहेत, त्या मुलांपर्यंत पोचवल्या पाहिजेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना. स्वाधारची रक्कम सुरुवातीला शहरानुसार वर्षाला ४३ ते ६० हजार रुपये होती. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरली, प्रत्येकी शंभर मुलांची. त्यांत आपल्या जिल्ह्यातले तालुके आहेत. ही मुलं घर सोडून येतात तेव्हा वयानं फार लहान असतात. पार्टनरशी कसं बोलायचं हे शिकवणारं तिथे कुणी हवं.

भाड्याच्या खोलीबाबत एक गोष्ट मुलांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. करार करतानाच खोलीत किती जण राहणार, पाण्याची मोटर केव्हा लागणार, रात्री दार किती वाजता बंद होणार हे लिहून घ्यावं. आणि त्रास जर मुद्दाम दिला जात असेल, ज्येष्ठ मुलं झोपू देत नसतील, कामं करून घेत असतील, तर ते रॅगिंग आहे. १९९९ च्या राज्याच्या कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. १८००-१८०-५५२२ हा देशभरचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. तिथे जुळवून घ्यायचं नाही.

उरलेल्या भांडणांसाठी माझा आग्रह एवढाच की बोलणं दिवसा व्हावं. रात्री एक वाजता चिडून केलेली तक्रार भांडण होते. तीच दुसऱ्या दिवशी जेवताना केली तर ठराव होतो. पहिल्याच आठवड्यात बसून उठण्या-झोपण्याच्या वेळा, गजर उशाखाली कंप पावेल असा लावायचा की नाही, टेबलाचा दिवा कुणी आणायचा, परीक्षेच्या पंधरवड्यात काय, हे कागदावर लिहावं. नात्यातला मुलगा असेल तर आधी लिहावं.

आणि संस्थांनी काय करावं? वसतिगृहाचा अर्ज मुलाची जात विचारतो, उत्पन्न विचारतो, रहिवास विचारतो. तो रात्री किती वाजता झोपतो हे कुठलाच अर्ज विचारत नाही. गृहपालांनी आणि रेक्टरांनी जूनमध्ये खोल्या वाटताना एवढं विचारलं, पहाटे उठणारे एका बाजूला आणि रात्री जागणारे दुसऱ्या बाजूला ठेवले आणि पहिल्या महिन्यानंतर एकदा खोली बदलायची मुभा दिली, तर पैसा लागत नाही. पैसा लागतो तो वसतिगृहाच्या आतल्या, रात्रभर उघड्या अभ्यासिकेला: एक हॉल, टेबलं, दिवे, पिण्याचं पाणी. जिल्हा नियोजनाच्या निधीतून ती कामं सुचवता येतील, आमदार-खासदारांच्या निधीतूनही. सुरुवात मुलींच्या वसतिगृहांपासून करावी, कारण संध्याकाळी फाटक बंद झालं की त्यांना दुसरीकडे कुठे जाता येत नाही.